कामाची विचारपूस

विदर्भातील शाळा उन्हाच्या कडाक्यामुळे राज्यातील इतर शाळांच्या मागून, जून महिना सरता सरता उघडतात. पहिला आठवडा हा शिकवण्याचा नसतो, नोंदींचा असतो. नवी हजेरी, नवे वेळापत्रक, नव्या याद्या, आणि त्या याद्यांमधील नाना प्रकारचे रकाने. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपूरच्या धंतोली भागातील एका शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. वर्ग सातवीचा होता. माझ्यापुढे जी नोंदवही होती, तिच्यात मुलाचे नाव, जन्मतारीख व पत्ता यांच्या शेजारी एक रकाना असा होता : ‘पालकाचा व्यवसाय’.

एकेका मुलाला उभे करून मी विचारीत गेलो आणि लिहीत गेलो. धंतोली ही वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि सरकारी नोकर यांची जुनी वस्ती. तेव्हा पहिली दहा-बारा उत्तरे भराभर आली. मग तिसऱ्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, “मिलमध्ये होते.”

“होते म्हणजे? आता काय करतात?”

मुलगा गप्प राहिला. मागील बाकावरून कोणीतरी ओरडले, “त्याचे बाबा बेकार आहेत, सर!” वर्ग हसला. आणि मुलांनो, सांगावयास संकोच वाटतो, मी त्या रकान्यात ‘बेकार’ हा शब्द लिहिला आणि पुढचा क्रमांक पुकारला. हसणाऱ्यांना मी दटावलेही नाही. यादी संपवण्याची मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे वडील आले. अंगात धुवट सदरा, पायांत जुन्या वहाणा. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. हलक्या आवाजात ते म्हणाले, “सर, पोराच्या नावापुढं तुम्ही जे लिहिलं, ते बदलून द्याल का? मी विणकर आहे. बावीस वर्षं माग चालवला. माग बंद आहे. विणायचं मी विसरलो नाही.”

काय बोलावे ते मला सुचेना. थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, “आणि राग मानू नका, पण एक सांगतो. विचारायचं ते विचारा. फक्त पोराला सगळ्यांत उभं करून विचारू नका. मला बोलवा, मी सांगतो.”

शाळेच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ ओढून, वर योग्य शब्द लिहून, बाजूला सही करावी लागते, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची अनुमती घ्यावी लागते. ती घेण्यास मी गेलो, तेव्हा झालेला प्रकार मला त्यांना सांगावाच लागला. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “मराठीचे शिक्षक ना तुम्ही?”

तो प्रश्न पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही. शब्दांचे अर्थ मुलांना शिकवणाऱ्या माणसाने एक शब्द अर्थ न पाहता लिहून टाकला होता. म्हणून त्या शब्दाची आणि त्याच्या सोबत्यांची थोडी ओळख आज आपण करून घेऊ. पण त्याआधी त्या वर्षांत नागपुरात काय घडत होते, ते ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण शब्द हवेत जन्मत नाहीत.

जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली एक कंपनी स्थापन केली आणि नागपुरात कापडाची गिरणी उभारण्यास घेतली. त्या काळी गिरण्या मुंबईत निघत. परंतु जमशेटजींचा हिशेब निराळा होता. कापूस पिकतो विदर्भात, रेल्वे नागपुरापर्यंत येऊन पोहोचलेली आहे, मग कापूस मुंबईला वाहून नेण्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ का आणू नये? जुम्मा तलावाच्या परिसरातील जमीन निवडण्यात आली. (या तलावाला शुक्रवारी तलाव असेही म्हणतात. जुम्मा म्हणजे शुक्रवारच! आता त्याचे नाव गांधीसागर आहे.) १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. कामगाराला अपघात झाल्यास भरपाई, म्हातारपणासाठी तजवीज अशा सोयी या गिरणीने त्यांविषयीचे कायदे देशात होण्याच्या पुष्कळ आधी केल्या होत्या. पुढे उमरेड मार्गावर मॉडेल मिल निघाली. या दोन गिरण्यांवर नागपुरातील हजारो घरांच्या चुली पेटत. शहराचा दिवसही गिरणीच्या भोंग्याने बांधलेला असे. वारा अनुकूल असला म्हणजे तो भोंगा धंतोलीपर्यंत ऐकू येई, आणि ज्यांच्या घरातील कोणीही गिरणीत नव्हते अशी माणसेदेखील त्यावर आपली घड्याळे लावीत.

मग वाईट दिवस आले. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागावरचे स्वस्त कापड बाजारात आले होते, तोटा वाढत होता. मॉडेल मिल १९७४ साली राष्ट्रीयीकृत झाली. एम्प्रेस मिल चालवणारी कंपनी १९८६ साली मोडीत निघाली. गिरणी राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली, कशीबशी आणखी काही वर्षे चालली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची थांबली. तिच्या जागेवर आज मोठे विक्रीसंकुल उभे आहे. त्याच्या नावात ‘एम्प्रेस’ हा शब्द तेवढा शिल्लक आहे. तिकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि पुष्कळांचे काम परत आलेच नाही.

हे लक्षात घेतले म्हणजे माझ्या वर्गातील त्या मुलाचे ‘होते’ हे क्रियापद किती अचूक होते ते कळते. मी त्याला नाहक हटकले.

आता तो शब्द पाहू. ‘बेकार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘बे’ म्हणजे वाचून, आणि ‘कार’ म्हणजे काम. बेघर, बेसावध, बेफिकीर या शब्दांत हाच ‘बे’ आहे. म्हणजे मुळात ‘बेकार’ याचा अर्थ केवळ ‘ज्याला काम नाही असा’ एवढाच होता. त्यात निंदा नव्हती. पूर्वी सरकारी कागदांतून आणि वर्तमानपत्रांतून ‘सुशिक्षित बेकार’ हा शब्दप्रयोग सर्रास छापला जाई. परंतु बोलता बोलता या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. ‘काल पाहिलेला चित्रपट अगदी बेकार होता’, ‘ही पेन्सिल बेकार निघाली’ असे तुम्ही दिवसातून दहा वेळा म्हणता. येथे बेकार म्हणजे टाकाऊ. आता जो शब्द आपण मोडक्या पेन्सिलीला लावतो तोच एखाद्याच्या वडिलांना लावला, तर ऐकणाऱ्याच्या कानात कोणता अर्थ शिरेल? बोलणाऱ्याने पहिल्या अर्थाने म्हटले असले, तरी ऐकणाऱ्याला दुसराच लागतो.

म्हणूनच हळूहळू ‘बेरोजगार’ हा शब्द पुढे आला. ‘निरुद्योगी’ हा शब्द संस्कृत घराण्यातला म्हणून सभ्य वाटतो खरा, पण त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे. ‘उद्योग’ या शब्दात प्रयत्न, खटपट हा अर्थ आहे. तेव्हा निरुद्योगी म्हटले की ‘हा माणूस खटपट करीत नाही’ असा आरोप होतो. ज्याने सकाळपासून चार दरवाजे ठोठावले त्याला निरुद्योगी म्हणणे हे असत्यच आहे. ‘रिकामटेकडा’, ‘ऐतखाऊ’, ‘खायला काळ नि भुईला भार’ यांविषयी मी अधिक लिहीत नाही. हे शब्द कोशात असावेत, घरात नसावेत. आणि ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. तिच्यात एका प्रामाणिक धंद्याची उगाच थट्टा आहे, आणि काम नसल्याने चाललेल्या माणसाच्या घुसमटीचीही. जुनी म्हण आहे म्हणून ती शहाणपणाचीच असते असे नाही.

मात्र आपल्या भाषेला या बाबतीत काहीच कळत नाही असे समजू नका. तिची क्रियापदे पाहा. मराठीत नोकरी ‘लागते’. तहान लागते, ठेच लागते, झोप लागते, तशीच नोकरी लागते. माणूस प्रयत्न करतो, पण ती लागणे हे सर्वस्वी त्याच्या हाती नसते, हे या क्रियापदाने ओळखले आहे. तसेच नोकरी ‘सुटते’, ‘जाते’. ‘त्यांनी नोकरी सोडली’ आणि ‘त्यांची नोकरी सुटली’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिल्यात माणूस कर्ता आहे. सोडण्याची क्रिया त्याने आपण होऊन केली. दुसऱ्यात कर्ता नोकरी आहे. हाच फरक ‘तो काम करीत नाही’ आणि ‘त्याला काम नाही’ यांत आहे. व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखा म्हणून तुम्हांला सांगतात, तेव्हा तो केवळ गुणांसाठीचा प्रश्न आहे असे वाटते. पण कर्ता बदलला की दोष कोणाच्या माथी बसतो तेही बदलते. गिरणी बंद पडली असताना ‘तो काम करीत नाही’ असे म्हणणे म्हणजे गिरणीचे अपयश माणसाच्या खाती मांडणे होय.

गिरणी कामगारांच्या बोलण्यात आणखी एक शब्द असे : ‘बदली’. बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे नव्हे. जो कायम कामगार नाही, तो बदली कामगार. पाळीच्या वेळी तो गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी त्याला आत घेत, नाहीतर तो डबा तसाच घेऊन घरी परते. त्या दिवशी तो काम करणारा की काम नसलेला? सकाळी सातच्या आधी एक, सातनंतर दुसरा. कामाचे असणे आणि नसणे यांतील भिंत आपण समजतो तितकी जाड नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ज्यांची दुकाने, उपाहारगृहे, रिक्षा एका रात्रीत थांबल्या, त्यांच्या घरांतील मुलांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या उन्हाळ्यात डोक्यावर गाठोडी घेऊन नागपुरावरून आपापल्या गावी चालत गेलेले मजूर कालपर्यंत कोठे ना कोठे कामावरच होते.

आता नागपूरकरांच्या एका सवयीबद्दल. दोन माणसे सीताबर्डीवर भेटली की पहिला प्रश्न येतो, “काय करून राहिला आजकाल?” हा प्रश्न म्हणजे आपल्याकडचा रामराम आहे, त्याला उत्तराची अपेक्षा असतेच असे नाही. विचारणारा प्रेमानेच विचारतो. परंतु ज्याला काम नाही त्याला या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि ते देताना त्याची मान खाली जाते. मंगल कार्यालयात तर हे फारच होते. पदवी घेऊन दोन वर्षे झालेली एखादी ताई पंगतीत वाढीत असते, आणि प्रत्येक पानाशी तिला तोच प्रश्न : “काय गं, लागली का कुठे?” पंचवीस पाने वाढायची म्हणजे पंचवीस वेळा ‘नाही’ म्हणायचे. प्रत्येक जण एकदाच विचारतो. तिला मात्र तो पंचवीस वेळा ऐकावा लागतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे किती तरी दादा सणासुदीला गावी जाण्याचे टाळतात आणि अभ्यासिकेत बसून राहतात, त्याचे कारण सर्वदा अभ्यास हेच असते असे नाही.

मग विचारूच नये काय? तसेही नाही. ‘कशी आहेस?’, ‘सध्या काय वाचते आहेस?’ असे विचारले की तिला हवे तेवढे सांगता येते आणि नको ते झाकता येते. प्रश्नाला दोन दारे असावीत. एकातून उत्तर बाहेर येईल, दुसऱ्यातून ते आतच राहील. आणि ती आपण होऊन म्हणाली, ‘मुलाखत दिली आहे, अजून काही कळले नाही’, तर तिथे उपदेश सुरू करू नये. ‘अमक्याच्या मुलाला बघ कशी पटकन लागली’ हे वाक्य तर कोणाच्याच उपयोगाचे नाही. त्यापेक्षा ‘टंकलेखन येणारे कोणी हवे आहे असे आमच्या गल्लीतल्या वकीलकाकांकडे ऐकले, पत्ता देऊ का?’ या एका वाक्याची किंमत मोठी आहे. त्यातही शेवटचे ‘देऊ का?’ महत्त्वाचे. न विचारता गळ्यात घातलेली मदत जड होते.

याच ओघात तुमच्या आईविषयीही बोलले पाहिजे. ‘आई काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. पहाटे पाचला उठून रात्री दहाला आडवी होणारी बाई ‘काही करीत नाही’! जनगणनेच्या तक्त्यातही घरकाम करणाऱ्या व्यक्तीची नोंद काम न करणाऱ्यांत होत आली आहे, पण निदान तेथे ‘घरकाम’ असा वेगळा संकेत तरी आहे. आपल्या बोलण्यात तेवढाही नाही. मुंबईच्या गिरणगावात ज्या बाया आपल्या चुलीवर कामगारांसाठी स्वयंपाक रांधून खानावळी चालवीत, त्याही ‘घरीच’ असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खानावळवाल्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांच्या स्वयंपाकाला धंदा हे नाव मिळाले. स्वयंपाक मात्र आधीपासून तोच होता.

माझ्या वर्गाकडे पुन्हा वळतो. नोंद दुरुस्त झाली, मुलगा शाळेत येऊ लागला, आणि मी दुसरी चूक केली. त्याच्याशी बोलताना मी इतका जपू लागलो की बोलेनासाच झालो. कोणाच्या वडिलांचा विषय निघाला की मी घाईने पान उलटी. इतर मुलेही तशीच वागू लागली. डबा खाताना कोणी बापाच्या नव्या स्कूटरविषयी सांगत असला आणि हा जवळ आला, की सारे एकदम गप्प. मुलांनो, हसण्यापेक्षा हे गप्प होणे बरे, असे मला वाटत होते. तसे ते नव्हते. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, “सर, मला कोणी काही विचारत नाही आता.” घरात दुःख असलेल्या माणसाकडे आपण जातो, शेजारी बसतो, मग ज्याचे काम गेले त्याच्याभोवतीच भिंत का उभी करावी?

दिवाळीनंतर रामटेकच्या सहलीचे ठरले. वर्गणी आणावयाची होती. आमच्याकडील रीत अशी, की ज्यांची वर्गणी आली नाही त्यांनी उभे राहायचे. या वेळी मला त्या वडिलांचे शब्द आठवले. मी सर्वांना एकेक कोरी चिठ्ठी घरी पाठवली : ‘वर्गणी आता, नंतर, की शाळेच्या निधीतून?’ पालकांनी खूण करून ती घडी घालून परत द्यावयाची. कोणी काय खूण केली हे माझ्याखेरीज कोणास कळले नाही. आश्चर्य हे, की ‘नंतर’वर खूण करणाऱ्यांत त्या मुलाबरोबर आणखी सहा जण होते, आणि त्यांतील दोघे अशा घरचे, की ज्यांच्याबद्दल माझ्या स्वप्नातही आले नसते.

फीमध्ये सवलत मिळावी म्हणून अर्ज लिहिण्याचा धडा त्याच सुमारास मी घेतला. मुलांनी लिहिले : ‘माझे वडील बेकार असल्यामुळे आम्ही फी भरू शकत नाही, तरी कृपया दया करावी.’ आम्ही हे वाक्य फळ्यावर घेऊन दुरुस्त करीत गेलो. शेवटी ते असे झाले : ‘माझे वडील ज्या गिरणीत काम करीत, ती बंद पडल्यामुळे सध्या आमच्या घरी नियमित मिळकत नाही. तरी या वर्षीच्या फीमध्ये नियमाप्रमाणे सवलत मिळावी, ही विनंती.’ ‘दया’ गेली आणि तिच्या जागी ‘नियम’ आला, हे लक्षात ठेवा. सवलतीचा नियम असेल तर ती मागणे ही भीक नव्हे.

आणि काम मागणे, तेही भीक नव्हे. यासाठी आपल्या राज्याकडे एक मोठे उदाहरण आहे. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. शेते कोरडी, विहिरी तळाला गेलेल्या, लाखो हात रिकामे. अन्न फुकट वाटावे, की काम द्यावे? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासूनच असा विचार मांडला होता, की गावात जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे हे शासनाचे कर्तव्य मानावे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते ही कामे त्यातून झाली. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्राने ही वाट पाडली होती. योजनेत दोष नव्हते असे नाही. मजुरी वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. पण तिच्या नावातील ‘हमी’ हा शब्द पाहा. काम मागणारा माणूस सरकारच्या दारी याचक म्हणून उभा राहिला नाही, हक्कदार म्हणून उभा राहिला. एका शब्दाने त्याचा कणा ताठ ठेवला.

काही वर्षांनी माझी आई आजारी पडली. धंतोली तोवर रुग्णालयांची वस्ती झाली होती. जुन्या बंगल्यांच्या जागी एकेक करून दवाखाने उठत होते. अशाच एका रुग्णालयात तिला ठेवले होते. रात्री मी घरून चादर आणि थर्मास घेऊन गेलो, तो फाटक बंद. आत स्टुलावर गणवेशातील पहारेकरी बसला होता. रुग्णालयातून अशा माणसांना सारे ‘मामा’ म्हणतात, तसे मीही म्हटले, “मामा, जरा उघडता का?” तो उठून उजेडात आला आणि आम्ही एकमेकांना ओळखले. तेच विणकर!

माझ्या ओठांवर दोन वाक्ये आली. ‘अरेरे, तुमच्यासारखा कारागीर आणि हे काम?’ हे पहिले. ‘चला, काहीतरी मिळाले हे बरे झाले’ हे दुसरे. पहिल्याने त्यांचे आजचे काम हलके ठरले असते, दुसऱ्याने कालचे. दोन्ही मी गिळली आणि म्हणालो, “रात्रपाळी का?”

ते हसले. “हो. रात्रपाळीची सवय जुनीच आहे, सर. फक्त इथं आवाज नाही. पहिले पहिले झोप यायची त्यानं.”

मुलगा तंत्रनिकेतनात शिकत असल्याचे त्यांनी सांगितले. मग त्यांचे लक्ष माझ्या हातातील चादरीकडे गेले. तिचा कोपरा त्यांनी दोन बोटांत धरून चोळला, दिव्यापुढे ताणून पाहिला. इतका वेळ पहारेकऱ्याचे असलेले ते हात पाहता पाहता दुसऱ्याच माणसाचे झाले.

“कुठून घेतली?”

मी दुकान सांगितले.

“उभा धागा बरा आहे. आडवा हलका घातला आहे. फसवलं तुम्हाला. दोन धुण्यांत आटेल.” आणि मग चादरीची घडी पुन्हा नीट घालून माझ्या हाती देत त्यांनी विचारले, “तुम्ही सांगा, आईंना कसं आहे आता?”

भेटीची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यांनी फाटक हळूच किलकिले केले. आई पुढे बरी होऊन घरी आली. चादर मात्र दुसऱ्या धुण्यात वीतभर आटली.

स्वाध्याय

१. ‘मिलमध्ये होते’ या वाक्यातील क्रियापद अचूक होते असे लेखक का म्हणतात?

२. ‘त्यांनी नोकरी सोडली’ व ‘त्यांची नोकरी सुटली’ या वाक्यांतील कर्ता ओळखा. अर्थातील फरक आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘लागणे’ हे क्रियापद वेगवेगळ्या अर्थांनी योजून पाच वाक्ये तयार करा.

४. लेखकाने फाटकाशी गिळलेली दोन वाक्ये कोणती? त्यांपैकी कोणते अधिक लागले असते असे तुम्हांला वाटते?

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या पहिल्या कामाविषयी विचारा. आधी प्रश्न लिहून काढा आणि ते वर्गात एकमेकांना वाचून दाखवा. उत्तरे मात्र सांगणाऱ्याची अनुमती असेल तरच वाचा.